भूत उतरतं, पण नाव कोणाचं घेतलं जातं?

तापीकाठ:
अंगात भूत आलं म्हणून घुमणारी बाई नाटक करते असं मी म्हणत नाही. ताण सोसवेनासा झाला की माणसाचं भान सुटतं, आवाजही बदलतो. पण सासरी दर अमावस्येला घुमणारी सून आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आली की खुशाल झोक्यावर गाणी म्हणते. भूत काय गावाची शीव ओलांडत नाही? सुनेनं सासूला शिव्या दिल्या तर मार बसतो. तिच्यातल्या 'बाहेरच्या'नं दिल्या तर सासू हात जोडते, साडीचोळी कबूल करते. म्हणून भूत उतरवणाऱ्या भगताकडे बरंही वाटतं. माझा आक्षेप आहे मिरचीच्या धुरीला, साखळीला आणि उपचारांविना वाया गेलेल्या महिन्यांना. 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यात धुरी आणि साखळी हे गुन्हेच आहेत, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं.

अक्राणी:
कायदे मुंबईत होतात, भाऊ. आमना गावमा डॉक्टर कोठे शे? भगत रात्री उठून येतो, घरातल्या सगळ्यांना समोर बसवून विचारपूस करतो. डॉक्टर मान वर न करता गोळ्या लिहितो. दवाखाना द्या, भगताचं दुकान आपोआप बसेल.

तापीकाठ:
नाही बसत. जर्मनीतली ॲनेलिसे मिशेल विद्यापीठात शिकत होती, अपस्माराचं (मिरगीचं) निदान झालं होतं, औषधं घेतली होती. तरी 1975-76मध्ये बिशपच्या परवानगीनं दोन पाद्र्यांनी तिच्यावर 67 वेळा भूत उतरवायचे विधी केले. अन्न सुटून पोरगी 23व्या वर्षी गेली. 1978मध्ये आईबाप आणि पाद्री दोषी ठरले. तिथं डॉक्टरांचा दुष्काळ होता का?

अक्राणी:
जर्मनी राहू द्या. भूतविद्या, म्हणजे भूतबाधेवरचे उपचार, आयुर्वेदाच्या आठ अंगांत आहे. तेही थोतांड?

वैद्यबुवा:
मधे तोंड घालतो. चरकसंहितेच्या निदानस्थानातला उन्मादाचा, म्हणजे वेडाचा, अध्याय काढा. जो स्वतःहून बिघडलेला नाही त्याला देव, गंधर्व, पिशाच, राक्षस कुणीही पीडत नाही, असं तिथं स्पष्ट आहे. दोष प्रज्ञापराधाचा, म्हणजे माणसाच्या स्वतःच्या बुद्धीच्या चुकीचा. (बळी-होमही त्याच ग्रंथात आहेत, ते लपवत नाही.)

केळीबाग:
धूर न् साखळी दिसते तरी. खरा घात पुढं होतो. भगताला 'कोणी केलं?' याचं उत्तर लागतं, आणि सातपुड्यात त्या उत्तराला डाकीण म्हणतात. अनेकदा ती एकटी विधवा असते, नावावर जमिनीचा तुकडा असलेली. एकीला बरं करायला दुसरी गावाबाहेर! डॉक्टर तुसडा असेल, पण मिरगीसाठी शेजारणीचं नाव लिहून देत नाही.

अक्राणी:
डाकीण ठरवणाऱ्याची बाजू मी घेतलीच नाही. सगळे भगत नावं घेत नाहीत. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यावर मुजावरच (दर्ग्याचे सेवक) रोग्याला मानसोपचारवाल्याकडे धाडतात. दवा आणि दुआ दोन्ही. तसं करा ना इथं.

तापीकाठ:
चालेल, पण आधी साखळी सोडा. तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या मनोरुग्णांच्या आश्रमाला 2001च्या ऑगस्टमध्ये आग लागली, साखळीनं बांधलेले मनोरुग्ण जागेवरून हलूही शकले नाहीत. 28 जण गेले.

अक्राणी:
सोडू. भगताला द्यायच्या कोंबड्याच्या भावात गोळ्या मिळतील का, तेवढं सांगा.

केळीबाग:
सरकारी दवाखान्यात फुकट, साठा असला तर. नंदुरबारपर्यंतचं भाडं मात्र तुमचं.