पोपटी लावायची आहे: १२ जणांना शेंगा किती, मडकी किती, भांबुर्डा नसेल तर काय?

कोथिंबीरवडी
जानेवारीच्या शेवटच्या रविवारी कर्जतजवळ ओळखीच्यांच्या शेतावर पोपटी (मडक्यात वालाच्या शेंगा भरून, ते उलटं ठेवून भोवती जाळ करून भाजतात ती) लावायचं ठरतंय. १२ माणसं, त्यात ४ मुलं (६ ते ११ वर्षं) आणि ५ जण शाकाहारी. पोपटी सगळ्यांनी खाल्लीय, लावली कुणीच नाही. शेंगा किती किलो घ्यायच्या? चिकन आणि शाकाहारी एकाच मडक्यात चालेल का? भांबुर्डा (शेंगांसोबत मडक्यात दाबतात तो रानपाला) मिळाला नाही तर दुसरा कुठला पाला? आत शिजलंय हे बाहेरून कसं ओळखायचं? आणि मुलांना काय काम देता येईल?

बांधावरचा
दोन मडकी घ्या, एक शाकाहारी, एक चिकनचं. एकाच मडक्यात पुड्या वेगळ्या बांधल्या तरी रस गळतोच, मग शाकाहारी मंडळी शेंगांना हात लावत नाहीत.

१० ते १२ लिटरच्या एका मडक्याला साधारण अडीच किलो शेंगा लागतात. वजनापेक्षा जागा जास्त खातात त्या. सोबत पाऊण किलो बटाटे (लिंबाएवढे, सालासकट), अर्धा किलो रताळी, थोडे छोटे कांदे. मिळालं तर कोनफळही घ्या, पण तुकडे करून, अख्खं शिजत नाही. चिकनच्या मडक्यात दीड किलो चिकन बसतं, तिथे शेंगा दीड-पावणेदोन किलोच घ्या. अंडी मडक्यामागे ६, शाकाहारी मडक्यात मात्र तुमचे शाकाहारी अंडी खात असतील तरच.

शेंग गावठी वालाची घ्या. रायगडात भातकापणी झाल्यावर जमिनीतल्या ओलीवर वाल पेरतात, त्याची शेंग जानेवारी-फेब्रुवारीत भरते. दाणा भरलेला पण साल हिरवी, अशी हवी. पिवळी पडलेली शेंग कोरडी असते, तिला स्वतःची वाफ सुटत नाही. पोपटीत पाणी अजिबात घालत नाहीत, तेलही नाही. सगळं शिजतं ते शेंगेतल्या ओलाव्यावर. म्हणून शेंगा धुतल्या तर कापडावर नीट निथळू द्या. पाणी राहिलं तर खालच्या शेंगा गिळगिळीत होतात आणि भाजल्याचा वास येत नाही.

भरायचं असं: तळाला भांबुर्ड्याचा चार बोटं थर. त्यावर शेंगा, मूठभर जाडं मीठ, चमचाभर ओवा. मग बटाटे-रताळी, पुन्हा शेंगा, मीठ, ओवा. अंडी मधोमध, मडक्याच्या भिंतीला न टेकवता, नाहीतर तडकतात. वर पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी भांबुर्डा अगदी ठासून. मडकं उलटं केल्यावर आतलं काही हललं नाही पाहिजे. मीठ जास्त वाटेल, पण बरंचसं सालीवरच राहतं.

मडकं उलटं ठेवायचं असतं, त्यामुळे तळ वर जातो आणि सगळ्यात जास्त आच तिथेच लागते. तोंडाची बाजू जमिनीला, ती थंड. म्हणून वेळ लागणारं सगळं तळाकडे आणि मध्यावर. बटाटे तोंडाशी गेले की हमखास कच्चे निघतात.

सुगरणीचं_घरटं
चिकनबद्दल. अख्खी कोंबडी नको, मध्यम तुकडे करा आणि प्रत्येकाला हाडापर्यंत चिरा द्या. आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर यांचं घट्ट वाटण, हळद, मीठ, दोन लिंबांचा रस. दोन-तीन तास मुरवा, घरून निघाल्यापासून बर्फाच्या डब्यात. दही घालू नका, पाणी सुटतं. पाव-पाव किलोच्या पुड्या केळीच्या पानात बांधा. पान आधी विस्तवावरून फिरवून घ्या म्हणजे मऊ पडतं, घडी घालताना फाटत नाही. मोठी पुडी बाहेरून शिजते, आत गुलाबी राहते.

भांबुर्डा कर्जतला शोधायला जावं लागणार नाही. कापणी झालेल्या शेतात, बांधाला आपसूक उगवतो. उग्र वासाचा, लवदार पाला. शेतमालकाला दाखवायला सांगा (तिकडे भामरूडही म्हणतात). ओळख पटली नाही तर अंदाजाने दुसरा रानपाला मात्र कोंबू नका. त्यापेक्षा केळीची पानं आणि ओव्याची पानं वापरा. वास तो येणार नाही, पण पोपटी होते. गुजरातेत वलसाडकडे पोपटीसारखंच उंबाडियू करतात, त्यातही मडकं असंच उलटं लावतात, पाला तिथला वेगळा आणि शेंगांना हिरवं वाटण चोळलेलं.

राखुंडी
आता आगीचं, कारण पोपटी बिघडते ती इथेच. गवतावर लावू नका. मोकळी, कोरडी माती बघा, वीतभर खोल पसरट खड्डा करा, त्यात मडकं उपडं ठेवा. भोवती गोवऱ्या उभ्या रचा, मधे काटक्या, वरून तळ झाकेल इतका पेंढा. पेटवताना चारही बाजूंनी पेटवा. एकाच बाजूने जाळ लागला की मडकं तडकतं, आणि तडकलं नाही तरी अर्ध्या शेंगा कोळसा, अर्ध्या कच्च्या. वारा असेल तर वाऱ्याच्या बाजूला पत्रा उभा करा.

मडकं बिनरंगाचं, न चकाकणारं. बोटाने टिचकी मारून बघा, खणखणीत वाजलं पाहिजे. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे.

शाकाहारी मडक्याला ३० ते ४० मिनिटं, चिकनच्या मडक्याला ४५ ते ५०. जाळ सतत हवा, पहिला भडका बसला की माणसं गप्पांत रमतात आणि सरपण घालायचं राहून जातं.

बांधावरचा
शिजलं का बघायला मडक्यावर पाण्याचे चार थेंब उडवतात. चर्रकन उडाले की झालं, असं मानायची पद्धत आहे.

राखुंडी
शाकाहारी मडक्याला ठीक आहे. पण थेंब उडाला म्हणजे मडकं तापलं, चिकन शिजलं असं नाही. वेळ भरू द्या, भाजल्या शेंगांचा वास दाटून यायला लागला की आणखी १० मिनिटं निखाऱ्यात ठेवा. उघडल्यावर मधल्या पुडीतला मोठा तुकडा हाडाशी फोडून बघा. लालसर दिसला तर पुड्या तव्यावर झाकण ठेवून शिजवा, मडकं पुन्हा लावत बसू नका. वालाचे दाणेही अर्धकच्चे खाऊ नयेत, मुलांना तर नाहीच, पोट दुखतं. आणि थेंब म्हणजे थेंबच. तांब्या ओतलात तर तापलेलं मडकं जागच्या जागी फुटेल.

कोथिंबीरवडी
सगळ्यांचे आभार, बरंच सुटलं. मुलांच्या कामाचं राहिलं. आणि मडकं बाहेर काढायचं कसं?

सुगरणीचं_घरटं
मुलांना शेंगा निवडायला बसवा, हे खरं काम आहे. भोक पडलेली शेंग बाजूला काढायची, आत अळी असते. बटाट्यांना काट्याने टोचे मारणं, मीठ-ओवा भुरभुरणं, थर लावणं हेही त्यांच्याकडेच. वाद नको असतील तर एका मडक्याला दोन मुलं. पेटवल्यापासून मात्र दहा पावलं लांब, मातीवर काठीने रेघ ओढून द्या. मधल्या वेळात लगोरी मांडा, ठिकऱ्या शेतात सापडतातच.

राखुंडी
काढताना निखारे फावड्याने बाजूला ओढा. दोन मोठ्यांनी ओल्या गोणपाटाने धरून मडकं सरळ करायचं, तोंड आपल्याकडे नाही. तोंडाशी दाबलेला पाला चिमट्याने ओढताना वाफेचा लोट येतो, चेहरा मागे. केळीच्या पानांवर ओता, वर्तमानपत्रावर नको, गरम शेंगांना शाई लागते. अंडी आधी वेचून घ्या, ती ढिगाखाली चेंगरतात. शेंगा सोलून गरम गरमच खायच्या, सोबत हिरवी चटणी आणि ताक. निघण्याआधी खड्ड्यातल्या राखेवर बादलीभर पाणी आणि वर माती, शेजारच्या शेतात पेंढा पडलेला असतो.