आईची स्लीव्ह सर्जरी झालीय, घर माळकरी, दूध पचत नाही. ६० ग्रॅम प्रोटीन आणायचं कुठून?

सोलापूरकर_पोरगा
नमस्कार मंडळी. आईची वजन कमी करायची सर्जरी झाली, स्लीव्ह, म्हणजे जठराचा बराचसा भाग काढून टाकतात ती. वजन उतरतंय, शुगरच्या गोळ्या कमी झाल्या, त्याबद्दल काहीच तक्रार नाही. भानगड आहे ती खाण्याची. आता मऊ जेवणावर आलीय आणि डाएटिशियन म्हणतात रोज किमान ६० ग्रॅम प्रोटीन पाहिजेच. आमच्याकडे सगळ्यांच्या गळ्यात माळ, त्यामुळे अंड्याचं नावच नाही, आणि सर्जरीनंतर तिला दूध घेतलं की पोट गुडगुडतं, व्हे पावडरचं, म्हणजे दुधापासून बनलेल्या प्रोटीन पावडरचं, पण तेच. अर्धी वाटी खाल्ली की बास म्हणते. मावशी रोज फोन करून सांगते डाळीचं पाणी दे, ताकद येते. केस मूठ मूठ गळतायत म्हणून ती अजूनच घाबरलीय. डाळी-कडधान्यावर कोणी हे जमवलंय का? काय आणि कसं देता ते सांगा प्लीज.

घाटावरची
माझी वजनाचीच बायपास सर्जरी (हृदयाची नाही, जठराची) होऊन काही वर्षं झाली, मी पण पूर्ण शाकाहारी, तेव्हा अनुभवाचं सांगते. मावशींना राग येणार नाही अशा बेताने सांगा की डाळीच्या पाण्यात प्रोटीन नावालाच असतं, ते खाली बसलेल्या डाळीत राहतं. आपलं नेहमीचं पातळ वरण वाटीभर घेतलं तरी ३-४ ग्रॅमच्या वर फार जात नाही आणि आईंची तर अर्ध्या वाटीतच जागा संपते. म्हणजे प्रश्न शाकाहाराचा नाहीये दादा, प्रश्न जागेचा आहे, चमच्यामागे प्रोटीन किती हे बघायचं. मूगडाळ कोरडी ५० ग्रॅम म्हणजे साधारण १२ ग्रॅम प्रोटीन, पण शिजून ती एवढी फुगते की दोन-तीन वेळात विभागूनच संपते, म्हणून घट्ट गोळा वरण करा, पाणी ओतून वाढवू नका.

माझं खरं काम सोयाने केलं. सोया चंक्स १०० ग्रॅमला ५२ ग्रॅम प्रोटीन, पण चंक्स आत्ता नको, चिवट लागतात आणि नीट चावले नाहीत तर अडकल्यासारखं होतं. बारीक ग्रॅन्युल्स मिळतात ते गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळायचे, वास जातो, मग कांदा-टोमॅटोवर खिम्यासारखे मऊ शिजवायचे. २५ ग्रॅम कोरडे घेतले की १३ ग्रॅम आले. टोफूची, म्हणजे सोयाच्या पनीरची, भुर्जी पण छान होते, फक्त पाकिटावरचा आकडा बघून घ्या, कंपनीगणिक फार फरक असतो.

आणि जेवताना पाणी नाही हं, जेवणानंतर अर्धा तास थांबून मग घोट घोट. ताटात आधी प्रोटीनचं, मग भाजी, भात-भाकरी उरल्या जागेत. आमच्या घरी पहिले काही महिने यावरून रोज वाद, भाताशिवाय जेवण कसलं म्हणून 😄

जिमवाला_अण्णा
एवढं प्रोटीन खाऊन किडनीची वाट लागते. आपले आजी-आजोबा काय पावडरी खात होते का? मोड आलेलं कडधान्य द्या, त्यात डबल प्रोटीन असतं.

डाएटवाली
अण्णा, नाही हो. मोड आले की दाण्यात पाणी शिरतं, त्यामुळे वाटीमागे प्रोटीन उलट कमी भरतं. पचायला बरं, जीवनसत्त्व क वाढतं, ते वेगळं. शिवाय मटकीची सालं आत्ता त्यांना जड जातील, सुरुवातीला सालाशिवायची डाळच बरी. आणि ६०-८० ग्रॅम हे सर्जरीनंतरचं नेहमीचंच टार्गेट आहे, निरोगी किडनीला त्याचा त्रास नाही, ज्यांचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) वाढलेलं आहे त्यांचा आकडा डॉक्टर ठरवतात. आजी-आजोबांचं जठर पूर्ण होतं, हाही मुद्दा आहेच.

सोलापूरकर, एवढ्या लवकर फक्त जेवणातून ६० गाठणं बहुतेकांना जमत नाही, पावडर लागतेच, त्यात कमीपणा मानू नका. व्हे सोसत नसेल तर दोन रस्ते. एक, व्हे आयसोलेट, त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, फार कमी असतं, स्वस्त डब्यात बहुधा कॉन्सन्ट्रेट असतं आणि त्रास त्याचाच होतो. दुसरा, वाटाण्याची पावडर, म्हणजे पी प्रोटीन. एका स्कूपला २० ग्रॅमच्या पुढे मिळतं. चव मातकट असते म्हणून गोड शेक करत बसू नका, बिनफ्लेवरची आणा आणि मुगाच्या कढणात किंवा पिठल्यात, गॅस बंद करून जरा कोमट झाल्यावर कालवा, उकळत्यात टाकली की गुठळ्या. जिरं-मिरपूड घातलं की कळत पण नाही. केसांसाठी म्हणून कोलॅजनचा डबा कोणी गळ्यात मारेल तर घेऊ नका, एक तर ते प्राण्यांपासून बनतं, माळकरी घरात चालणारच नाही, आणि ते अपुरं प्रोटीन आहे.

केस गळणं साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात होतंच, वजन झपाट्याने उतरल्याचा शरीराला बसलेला धक्का असतो तो, बहुतेकांचे परत येतात. पण प्रोटीन, लोह कमी पडलं तर लांबतं. बी१२ कुठल्याच डाळीत नाही आणि सर्जरीनंतर ते शोषलं पण कमी जातं, गोळी किंवा इंजेक्शन आयुष्यभर. लोह आणि कॅल्शियमच्या गोळीत दोन तास अंतर, लोहाच्या गोळीबरोबर चहा नको. एक मात्र अंगावर काढू नका, सारख्या उलट्या होत असतील तर वाट न बघता लगेच सर्जनला दाखवा, बी१ झपाट्याने कमी होतं आणि नसांवर परिणाम होतो.

सोलापूरकर_पोरगा
खूप आभार ताई. दोन शंका. तिची थायरॉइडची गोळी चालू आहे, सोया चालेल? आणि एकादशी ती काही केल्या सोडणार नाही, त्या दिवशी वाटाणा पावडर कशी चालणार 🙏

डाएटवाली
सोया चालेल, फक्त थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी आणि सोया चार तासांनी. कॅल्शियम-लोहाच्या गोळ्यांनाही थायरॉइडच्या गोळीपासून तेच चार तासांचं अंतर.

घाटावरची
एकादशीला साबुदाणा अजिबात नको, प्रोटीन जवळजवळ शून्य आणि चिकट गोळा होऊन बसतो. दाण्याची आमटी पातळसर करा, ३० ग्रॅम कुटात ७-८ ग्रॅम येतं, कॅलरी जास्त असतात म्हणून एवढंच. राजगिऱ्याच्या पिठाची मऊ लापशी चालेल. व्हे दुधाचं असतं म्हणून उपासाला चालवून घेता येतं, तेव्हा आयसोलेट सोसलं तर त्या दिवसापुरतं तेच. आणि दूध सोसत नाही म्हणून दही पण बंद केलंय का? आंबट दह्यात लॅक्टोज कमी असतं, टांगून चक्का केला की पाण्याबरोबर अजून जातं, दोन चमचे देऊन बघा. तासातासाला काहीतरी पोटात गेलं पाहिजे, निर्जळी करायची नाही म्हणावं, गोळ्या तर चुकवायच्याच नाहीत. ऐकत नसतील तर तुमच्या गावच्या कीर्तनकार बुवांकडूनच सांगवा, माझ्या सासूबाई तसंच ऐकतात.