अपक्ष म्हणजे मध्यममार्गी नव्हेत

अमेरिकेत अपक्ष मतदार, म्हणजे स्वतःला कुठल्याच पक्षाचे न म्हणवणारे, ‘जिंकले की अध्यक्षपद जिंकलं’ असं गणित मांडलं जातं. ते पटत नाही. २०१२ चे एक्झिट पोल बघा: अपक्षांत रिपब्लिकन उमेदवार रॉम्नी ५०, डेमोक्रॅट ओबामा ४५ टक्के. तरी रॉम्नी हरले, कारण स्वतःला मध्यममार्गी म्हणवणाऱ्यांत ओबामा ५६-४१ असे पुढे होते. टी पार्टी या उजव्या चळवळीच्या लाटेत रिपब्लिकन पक्षावर चिडलेले बरेच कट्टर उजवे स्वतःला अपक्ष म्हणवू लागले होते. मत मात्र रिपब्लिकनांनाच देत.

म्हणून सर्वेक्षण वाचताना ‘अपक्ष’ या आकड्यावर थांबू नका. ‘मग कल कुठल्या पक्षाकडे?’ हा पुढचा प्रश्न विचारलाय का ते आधी शोधा. प्यू या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेच्या २०१९ च्या अहवालात ३८ टक्के अपक्ष होते, पण या प्रश्नानंतर खरे कुंपणावरचे उरले फक्त ७ टक्के!