मदत हवी आहे: ग्रँड युनियन कालव्यावर बोट बांधली आहे, गळवाले म्हणतात उद्या हलवा. शिवाय बोट बांधायच्या लोखंडी पिना उपटतात

तांबडा_पतंग | शनिवार, संध्याकाळी 5:52

लवकर उत्तर हवं आहे. मिल्टन कीन्समध्ये ग्रेट लिनफर्डजवळ टोपाथच्या (कालव्याकाठच्या पायवाटेच्या) बाजूला बोट बांधली आहे. आत्ताच एक गृहस्थ सांगून गेले की उद्या इथे त्यांच्या क्लबची मासेमारीची मॅच आहे, सकाळी आठच्या आत बोट काढा. इथे 'नो मूरिंग'चा फलक कुठेही नाही. त्यांना असं सांगायचा अधिकार आहे का? दुसरं म्हणजे दुपारपासून दोनदा मागची पिन उपटली आणि बोटीचं ढुंगण कालव्याच्या मध्यापर्यंत गेलं. पिना नीट ठोकल्या होत्या. हलवायची की नाही एवढं सांगा, आणि पिनांवर उपाय.

कालवा५७ | 6:04

आधी हे सांगा: बोट स्वतःची की भाड्याची? किती फुटी? तोंड कॉसग्रोव्हकडे की फेनी स्ट्रॅटफर्डकडे? उद्या कुठे जायचंय? काठ नुसता मातीचा आहे की लोखंडी पत्र्याचा? जवळपास पेगचे (मॅचमध्ये गळवाल्यांना ठरवून दिलेल्या जागांचे) नंबर दिसतात का? याशिवाय उत्तर देणं म्हणजे अंधारात गळ टाकणं.

टेम्सतीर | 6:09

थेम्सवर बहुतेक मोफत जागा 24 तासांच्या असतात. दोर सैल सोडा, नदी रात्रीतून चढते-उतरते. घट्ट बांधलेली बोट एका अंगावर कलते. आणि तुमच्याकडे कॅनल अँड रिव्हर ट्रस्टचं (कालवे सांभाळणाऱ्या संस्थेचं) साधं लायसन्स असेल तर ते थेम्सवर चालत नाही, वेगळं लागतं.

तांबडा_पतंग | 6:15

थेम्स नाही हो, कालवा. वर लिहिलं आहे. भाड्याची, 57 फुटी. बाकीच्याने काय फरक पडतो? हो की नाही सांगा.

दोरीगाठ | 6:23

फरक पडतो, कारण पिना उपटण्याचं कारण काठावरच आहे. कालवा अरुंद आणि उथळ. जाणारी बोट पाणी पुढे ढकलते आणि बाजूने मागे ओढून घेते. तुमची पंधरा टनांची बोट आधी एकीकडे सरकते, मग उलट. दोर सैल असला तर तेवढ्या अंतरात तिला वेग मिळतो आणि पिनेला हिसका बसतो. पिना दोष देण्यासारख्या नसतात, सैल दोर असतो. पुढचा दोर पुढे आणि मागचा मागे, काठाशी साधारण 45 अंशांत न्या. सरळ आडवा बांधलेला दोर बोटीला पुढेमागे रोखत नाही. वर एक स्प्रिंग घ्या: मागच्या खुंट्यापासून दोर पुढे, बोटीच्या मध्याच्या रेषेपर्यंत न्या आणि तिथे वेगळी पिन ठोका.

पिन ठोकताना डोकं बोटीपासून दूर कललेलं हवं आणि दोर अगदी जमिनीलगत, वरच्या टोकाला नको. मऊ मातीत दोन पिना फुलीसारख्या, एकीच्या कडीतून दुसरी. टोपाथच्या मधोमध ठोकू नका, या कालव्याच्या वाटेखाली फायबर केबल पुरलेल्या आहेत. पाणी आणि वाट यांच्यामधल्या गवताच्या पट्टीतच ठोका. पिनेवर पांढरी प्लॅस्टिकची पिशवी बांधा, सायकलवाले अडखळतात.

कावेरी_लेस्टर | 6:31

एवढं कशाला? छपरावरचा मधला दोर एका पिनेला घट्ट बांधा, काम झालं. थांबायला तोच वापरतात ना?

दोरीगाठ | 6:36

थांबायला वापरतात, रात्रभर बांधायला नाही. मधला दोर छपरावर उंच असतो. बाजूने बोट गेली की पाणी खाली जातं, दोर वरून ओढतो आणि बोट कलते. चहाचे कप जमिनीवर येतात. काठ उथळ असेल तर जास्तच.

कावेरी_लेस्टर | 6:40

पंधरा मिनिटं थांबायचं असेल तर चालतंच. रात्रीचं म्हटलं नाही मी.

कालवा५७ | 6:42

पतंग, काठाचं सांगाल का? गवत बाजूला करून बघा.

तांबडा_पतंग | 6:55

बघितलं. गवताखाली गंजलेला पत्रा आहे, पन्हाळीसारखा, वर आडवी पट्टी. मग?

कालवा५७ | 7:01

मग पिना ठोकायच्याच नाहीत! बोटीच्या पुढच्या कप्प्यात बघा, स्प्रिंगसारखे वळवलेले दोन लोखंडी आकडे असतील, मोठ्या सेफ्टी पिनसारखे. त्यांना नॅपी पिन म्हणतात. आडव्या पट्टीच्या मागे अडकवा आणि दोर त्यांतून घ्या. नसतील तर साखळी: पट्टीच्या मागून खाली सोडून वर काढायची, कडीत दोर. तिथे बोट सुटायचा प्रश्न संपतो. दोर घ्या, ताणा, बोटीवर बांधा, टोक मोकळं ठेवू नका. पत्रा आणि बोट यांत टायर किंवा फेंडर, नाहीतर रात्रभर खडखड.

आता मॅचचं. क्लबने मासेमारीचे हक्क भाड्याने घेतलेले असतात, काठ नव्हे. फलक नसेल तर टोपाथच्या बाजूला 14 दिवसांपर्यंत थांबता येतं. म्हणजे अधिकार तुमचा. पण तेवढ्याने भागत नाही. मॅच ठरलेली असते, सकाळी चिठ्ठ्या काढून पेग वाटतात. तुम्ही पेगवर असलात तर कुणाची तरी दिवसाची जागा गेली. पेगचे नंबर दिसतात का, हे दुसऱ्यांदा विचारतोय.

रोच_पर्च | 7:08

दुसऱ्या बाजूचं सांगतो. कालव्यात लांब पोलने (गळाच्या लांब काठीने) मासेमारी होते. 11 ते 16 मीटर, कार्बनचा, महाग. माशाला ओढताना पोल मागे सरकवतात आणि तो टोपाथवर आडवा येतो. चारा दोन ठिकाणी टाकतात: पलीकडच्या काठालगतच्या उथळ भागावर, आणि अलीकडच्या उताराच्या तळाशी. मधल्या खोल पट्टीत बोटी जातात, तिथे नाही. म्हणून बोट मधून गेली की फारसं बिघडत नाही. काठाला उभी राहिली की दोन पेग बाद, आणि पलीकडे सरकली की सगळाच चारा उडतो.

शिवाय तुमच्यापैकी कुणी गळ टाकणार असेल तर 13 वर्षांपासून पुढे रॉड लायसन्स लागतं, क्लबचं दिवसाचं तिकीट वेगळं. नद्यांवर 15 मार्च ते 15 जून बंदी, बहुतेक कालव्यांवर नाही.

भीमाकाठ | 7:14

हे वाचून उजनी आठवलं. भिगवणला नायलॉनची जाळी आडवी लावतात, वर थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या. त्यांच्या बाहेरून जायचं, दोन तुकड्यांच्या मधून नाही. पंख्यात (प्रोपेलरमध्ये) अडकलं की इंजिन लगेच बंद. रॉड लायसन्सचं मात्र आपल्याकडे असं नाही ना?

तांबडा_पतंग | 7:26

मासे पकडायचे नाहीत कुणाला! पेग: काठावर छोटी लाकडी पाटी, पांढऱ्या रंगात 37. मागच्या बाजूला 38, 39, 40 दिसतात, त्यापुढे नाही. तोंड कॉसग्रोव्हकडे. सोमवारी सकाळी नऊला स्टोक ब्रुअर्नच्या वरच्या बाजूला बोट परत द्यायची आहे.

कालवा५७ | 7:34

बघा, हेच हवं होतं. तुम्ही शेवटून चौथ्या पेगवर आहात. पेग साधारण पंधरा मीटरवर असतात, म्हणजे 40 च्या पलीकडे जायला पन्नास-साठ मीटर मागे. इंजिनाने मागे नेऊ नका, नॅरोबोट (अशी लांब, अरुंद बोट) उलट चालवताना सुकाणू धरत नाही, बोट वाकडी होऊन काठ आणि झाडी धरते. हाताने ओढा. आत्ताच, उजेड साडेनऊपर्यंत आहे.

1. इंजिन बंद, किल्ली काढा.
2. एकजण मधला दोर घेऊन काठावर. दुसरा पुढच्या टोकाला लांब काठी घेऊन, टोक काठावर आपटू नये म्हणून.
3. मागचा आकडा आधी सोडा, मग पुढचा. मागे तोंड करून हळू ओढा. दोर हातावर गुंडाळायचा नाही, कमरेला तर अजिबात नाही.
4. थांबवताना दोर पत्र्याच्या पट्टीतून किंवा कडीतून एक वेढा देऊन हळूहळू घर्षणाने थांबवा. पंधरा टन हाताने झटकन थांबत नाहीत.
5. 40 नंतर निदान वीस मीटर सोडा. टोकाचा पेग गळवाल्यांचा आवडता, एका बाजूला मोकळं पाणी मिळतं. तिथेच बोट उभी केलीत तर हलवून उपयोग काय?

वाटेत कुणी बसलेला असेल तर आधी विचारा. पोल वाटेवर आडवा असेल तर थांबा, वर पाय ठेवू नका.

दोरीगाठ | 7:40

आणि मागे नेल्यामुळे उद्या सगळे 40 पेग पार करायला लागतील, हे लक्षात घ्या. रोच म्हणतात तसं मधोमध जा. आधीपासून मंद गती, पेग आल्यावर अचानक न्यूट्रल नको, वळण सुटतं. उलट गिअर तर नकोच, तळातला गाळ वर येतो. एकाच वेगाने, टिकओव्हरवर (इंजिनाच्या सर्वांत मंद गतीवर). 40 पेग म्हणजे सहाशे मीटर, बारा-पंधरा मिनिटं. शेवटचा माणूस मागे पडल्यावरच वेग वाढवा. कालव्याची मर्यादा ताशी चार मैल आहे, त्याहून खूप कमी ठेवा.

कावेरी_लेस्टर | 7:46

मॅच संपेपर्यंत थांबावं. उगाच कशाला त्यांच्या नजरेसमोरून जायचं.

कालवा५७ | 7:53

मॅच साधारण दहा ते तीन चालते. तीनला निघाले तर इथून कॉसग्रोव्ह दोन तास, मग एक लॉक (बोट वर-खाली नेणारी दरवाज्यांची टाकी), पुढे आणखी सुमारे दोन तासांवर स्टोक ब्रुअर्नचे सात लॉक, प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटं. रात्र होईल, आणि भाड्याची बोट अंधारात चालवू देत नाहीत. सकाळी साडेसहा-सातला निघा, चिठ्ठ्या काढायच्या आधी काठ रिकामा असेल.

टेम्सतीर | 7:58

सकाळी आठच्या आधी इंजिन चालवायला बंदी आहे.

कालवा५७ | 8:02

बंदी बांधलेल्या बोटीत वीज तयार करण्यासाठी रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन चालवण्यावर आहे. प्रवासाला निघण्यावर नाही. इंजिन सुरू करा, तेल-पाणी तपासणी आधीच उरकलेली असू द्या, दोर सोडा, निघा. अर्धा तास गरम करत बसू नका.

तांबडा_पतंग | 9:21

ओढून आणली. 40 च्या पुढे. नॅपी पिन सापडल्या, कप्प्यात साखळ्यांखाली होत्या. एक बोट गेली, हलली नाही. सकाळी सातला निघतो.

तांबडा_पतंग | रविवार, सकाळी 7:52

पेग पार केले. दोनच लोक होते, त्यांनी हात केला. पण आता सुकाणूचा दांडा जोरात थरथरतो, वेग कमी झाला, धूर काळा. काल दुपारपासूनच थोडं थरथरत होतं. काय बघू? पटकन.

दोरीगाठ | 7:56

हे काल सांगायला हवं होतं. पंख्यात काहीतरी अडकलं आहे. लगेच काठाला लावा, बांधा. इंजिन बंद, किल्ली खिशात. मागच्या डेकखालचं वीड हॅचचं (पंख्यापर्यंत हात घालायच्या खिडकीचं) झाकण उघडा, आत हात घालून पंखा चाचपा. हातमोजे घाला, गळ असेल. पातळ दातेरी चाकूने कापा. दोरी ओढू नका, पंखा आणि बोट यांच्या मध्ये, पंख्याचा दांडा बोटीत शिरतो तिथे मासेमारीची वेणीची दोरी वेटोळी होऊन बसते आणि ग्लँड (दांड्याभोवती पाणी अडवणारं सील) खराब करू शकते. तिथे बोटाने नीट बघा, पहिला वेढा काढला म्हणून काम झालं असं समजू नका.

झाकण बंद करताना रबर पट्टी स्वच्छ आणि जागेवर, मग स्क्रू पूर्ण आवळा. हे झाकण सैल राहिलं की पंखा पाणी आत फेकतो आणि बोट बुडते. मंद गतीवर चालू करून आत पाणी येतंय का ते एक मिनिट बघा, मगच निघा.

तांबडा_पतंग | 8:31

सापडलं. हिरवी वेणीची दोरी आणि एक निळी पिशवी, दोन वेढे दांड्यावर होते. झाकण आवळलं, आत कोरडं आहे. थरथर गेली. ग्लँडमधून थेंब पडतोय, तासाला किती चालतो?

कालवा५७ | 8:38

बोट उभी असताना थेंब पडत असेल तर ग्रीसर (ग्लँडमध्ये ग्रीस ढकलणारा दट्ट्या) घट्ट लागेपर्यंत फिरवा, साधारण एक वळण. थेंब थांबायला हवा. थांबला नाही तर बिल्ज पंप (तळात साचलेलं पाणी बाहेर काढणारा) चालतो का तपासा आणि भाड्याच्या कंपनीला आत्ता फोन करा, स्टोक ब्रुअर्नला पोहोचेपर्यंत थांबू नका. काढलेली दोरी पाण्यात किंवा काठावर टाकू नका, बारीक तुकडे करून कचऱ्यात. हंसांच्या पायात आणि गळ्यात तीच अडकते. आणि पुढच्या कप्प्यातले आकडे वर ठेवा, आज रात्री परत लागतील.