दम्याबद्दल लिहिताना: ‘नियामक पेशी’, ‘नियंत्रक पेशी’ की ‘दमनकारी पेशी’?

विचारणा

अ‍ॅलर्जीतून होणाऱ्या दम्यावर मराठीत लिहितोय. ‘रेग्युलेटरी टी सेल’ला, म्हणजे प्रतिकाराला आवर घालणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशीला, कुणी ‘नियामक टी पेशी’ म्हणतं, कुणी ‘नियंत्रक’, आणि जुन्या मजकुरात ‘दमनकारी’ही सापडतं. तिन्हींचा अर्थ एकच धरायचा का? शिवाय ‘इन्फ्लमेशन’साठी दाह, शोथ, सूज यांतलं काय घ्यावं? वाचक डॉक्टर नाहीत, पण त्यांच्या घरात कुणाला तरी दमा आहे.

प्रतिसाद

‘नियामक टी पेशी’ घ्या. नुसतं कोशात आहे म्हणून नव्हे, तर फुफ्फुसात या पेशी जे करतात ते बाकीच्या दोन शब्दांत मावत नाही म्हणून.

‘दमनकारी’ आला ‘सप्रेसर’वरून. १९७० साली गर्शन आणि कोंडो यांनी असं मांडलं की थायमस या छातीतल्या ग्रंथीमधून आलेल्या काही पेशी (याच टी पेशी) प्रतिकाराला चेतवत नाहीत, उलट दाबतात. कल्पना पुष्कळ गाजली. पण या पेशींची ओळख म्हणून ज्या रेणूवर भिस्त होती, त्याचं जनुक अपेक्षित जागी सापडलंच नाही आणि १९८०च्या दशकात तो विषय मागे पडला. १९९५ साली शिमोन साकागुची यांनी उंदरांमध्ये वेगळ्या खुणेवरून, पृष्ठभागावरच्या सीडी२५ या रेणूवरून, स्वतःच्याच शरीरावरचा हल्ला रोखणाऱ्या पेशी ओळखल्या. पुढे २००१ मध्ये मेरी ब्रंकॉव्ह आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्या कामातून फॉक्सपी३ हे जनुक पुढे आलं, आणि दोनच वर्षांत या पेशींची घडण त्याच जनुकावर अवलंबून असल्याचं स्पष्ट झालं. या तिघांना २०२५चं वैद्यकाचं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. म्हणजे ‘दमनकारी पेशी’ हे एका जुन्या, पुढे सोडून दिलेल्या कल्पनेचं नाव आहे. १९७० ते ८५च्या संशोधनाबद्दल लिहीत असाल तर ते जरूर वापरा, आजच्या पेशींना ते चिकटवू नका.

‘नियंत्रक’ची अडचण वेगळी. प्रयोगात तुलनेसाठी बाजूला ठेवलेल्या गटाला आपण ‘नियंत्रित’ किंवा ‘नियंत्रक गट’ म्हणतो. त्याच लेखात ‘नियंत्रक पेशी’ आल्या की वाचकाला वाटणार, या तुलनेसाठी घेतलेल्या साध्या पेशी. अर्थ पार उलटा होतो.

आता त्या करतात काय ते जवळून पाहू, म्हणजे शब्दाची पारख आपोआप होईल. धुळीतल्या माइटच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्याच्या, विष्ठेचा एक कण श्वासाबरोबर आत गेला. त्यात प्रथिनं तोडणारं एक एन्झाइम असतं. ते श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशींचे सांधे उसवतं. दुखावलेलं अस्तर आयएल-३३, टीएसएलपी असे इशारे सोडतं. जवळची डेंड्रायटिक पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेची पहारेकरी, तो कण गिळते, त्याचे तुकडे अंगावर मांडते आणि लसीका ग्रंथीत जाऊन टी पेशींना दाखवते. दाखवताना तिच्या अंगावर सीडी८० आणि सीडी८६ असे दोन रेणू असावे लागतात, त्यांच्याविना टी पेशी नीट चेतत नाही. नियामक पेशी नेमकी इथे हात घालते. ती डेंड्रायटिक पेशीला चिकटते आणि आपल्या सीटीएलए-४ या रेणूनं ते दोन्ही रेणू ओढून स्वतःच्या पोटात घेते. तुकडा दिसत राहतो, पण चेतवणी मिळत नाही. याखेरीज ती आयएल-१० आणि टीजीएफ-बीटा हे प्रतिकार शांत करणारे इशारे सोडते आणि इतर टी पेशींना वाढायला लागणारं आयएल-२ स्वतःच शोषून घेते.

हे झालं नाही तर दुसऱ्या प्रकारच्या मदतनीस पेशी, म्हणजे टीएच२, मोकाट सुटतात. त्यांनी सोडलेल्या आयएल-४ मुळे बी पेशी आयजीई ही अ‍ॅलर्जीची प्रतिपिंडं बनवू लागतात, आयएल-५ इओसिनोफिल या दाह वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशींना वाढवून फुफ्फुसाकडे बोलावतं, आयएल-१३ कफ वाढवतं आणि श्वासनलिकेला इतकं हळवं करतं की थंड हवेनंही ती आवळावी.

इथपर्यंत ‘दमन’ कसंबसं चालून जाईल. पण नियामक पेशी अँफिरेग्युलिन नावाचं प्रथिनही बनवतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगांत, इन्फ्लूएन्झानं जखमी झालेलं फुफ्फुस सावरायला ते लागतं असं दिसलं, आणि हे काम प्रतिकार दाबण्याच्या कामापासून वेगळं होतं. दुरुस्तीला दमन कसं म्हणणार? नियमनात मात्र आवरणं आणि सावरणं दोन्ही बसतं.

एक गंमतीची गोष्ट जाता जाता. ‘दमा’ आणि ‘दमन’ शेजारी आले की एकाच घरचे वाटतात, पण तसं नाही. दमा फारसीतून आला, तिथे दम म्हणजे श्वास. आपण ‘दम लागला’, ‘दम खा’ म्हणतो तो हाच. दमन संस्कृतातल्या आवरण्याच्या धातूवरून आलं. ‘दम्यात दमनकारी पेशी’ असं वाक्य कानाला उगाच चटपटीत लागतं, तेवढ्यासाठीही ते टाळावं.

उपप्रश्न

‘शमनकारी’ चालेल का? आयुर्वेदामुळे शब्द लोकांच्या ओळखीचा आहे.

उत्तर

क्रियापदासाठी उत्तम. ‘नियामक पेशी दाह शमवतात’ हे वाक्य मला फार आवडतं. नाव म्हणून नको, कारण शमन उठलेल्या गोष्टीचं होतं. या पेशींचं निम्मं काम काही उठण्याआधीच होऊन गेलेलं असतं. निरोगी माणूस दिवसभर परागकण आणि धूळ हुंगतो आणि काहीच होत नाही, त्यात त्यांचा वाटा आहे.

दाह, शोथ, सूज यांबद्दल: ‘सूज’ बोलण्यात ठेवा. ‘श्वासनलिकेला आतून सूज येते’ हे पेशंटच्या घरच्यांना लगेच कळतं. पण सूज ही इन्फ्लमेशनची एक खूण झाली, सगळी प्रक्रिया नव्हे. ‘शोथ’ आयुर्वेदात मुख्यतः सुजेसाठीच येतो. प्रक्रियेसाठी ‘दाह’ बरा, फक्त एक पथ्य पाळा: ‘फुफ्फुसदाह’ हा जोडशब्द करू नका. मराठीत तो न्यूमोनियासाठी रूढ आहे, तसा ‘श्वासनलिकादाह’ ब्राँकायटिससाठी. ‘फुफ्फुसातला अ‍ॅलर्जीजन्य दाह’ असं सुटं लिहिलं तर घोळ होत नाही.

अ‍ॅलर्जीला ‘अधिहर्षता’ लिहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. हर्षाशी संबंध लावता लावता वाचक दमतो. ‘वावडं’ सुंदर शब्द आहे, पण तो ऐसपैस आहे. दूध न पचणं हेही वावडंच, आणि त्यात प्रतिकारशक्तीचा काही संबंध नसतो. १९०६ साली फॉन पिर्के यांनी अ‍ॅलर्जी हा शब्द घडवला तेव्हा त्याचा अर्थ ‘बदललेला प्रतिसाद’ एवढाच होता. अ‍ॅलर्जीच लिहा, ती आता आपलीच झाली आहे.

आणखी एकाचा प्रश्न

‘प्रतिकारशक्ती कमी झाल्यामुळे दमा होतो’ असं वाक्य सर्रास वाचायला मिळतं. ते ठेवलं तर?

उत्तर

कृपा करून ठेवू नका. या सगळ्या चर्चेत मला सर्वांत जास्त खुपतं ते हेच वाक्य. शक्ती म्हटलं की ती कमी किंवा जास्त, एवढाच हिशेब मनात येतो. मग मुलाला दमा आहे असं कळलं की घरचे ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ काहीतरी शोधू लागतात, आणि कधी कधी त्या नादात श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड बंद होतं. ते औषध दाह शमवण्यासाठीच असतं. ते मनानं थांबवणं धोक्याचं आहे.

अ‍ॅलर्जीच्या दम्यात प्रतिकार हजर असतो आणि जोरात असतो. तो निरुपद्रवी गोष्टीवर सुटलेला असतो आणि त्याला आवर घालणारं काम लंगडं पडलेलं असतं. आयपेक्स नावाच्या दुर्मीळ आजारात हे ठळक दिसतं. त्या मुलांमध्ये फॉक्सपी३ जनुकात बिघाड असतो, त्यामुळे नियामक पेशी नीट घडत नाहीत. आतडी आणि स्वादुपिंड यांवर स्वतःच्याच प्रतिकाराचा हल्ला होतो, आणि जोडीला इसब, अन्नाची अ‍ॅलर्जी, रक्तात वाढलेलं आयजीई. म्हणून ‘प्रतिकाराचं नियमन बिघडतं’ असं लिहा. वाक्य थोडं जड होईल, पण खरं असेल.

आधीच्या विचारणाऱ्याकडून

पटलं. मग ‘दम्यात नियामक पेशी कमी असतात’ असं लिहू?

उत्तर

‘कमी असतात’ नको, ‘कमी पडतात’ लिहा. दम्याच्या सगळ्या पेशंटमध्ये त्यांची संख्या घटलेलीच दिसते असं नाही. कुठे संख्या कमी, कुठे संख्या ठीक पण काम ढिलं, कुठे फुफ्फुसातल्या दाहकारी रेणूंच्या गर्दीत त्यांचाच प्रभाव ओसरलेला. ‘कमी पडणे’ या तिन्हींना पुरून उरतं.

इम्युनोथेरपीच्या परिच्छेदातही काळजी घ्या. परागकणांचा अर्क थोडा थोडा वाढवत टोचण्याची ही पद्धत लेनर्ड नून यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केली. आज आपल्याला कळतं की अशा उपचारात आयएल-१० सोडणाऱ्या नियामक पेशी वाढतात आणि आयजीजी४ या प्रकारची प्रतिपिंडं तयार होतात. इथे ‘टॉलरन्स’साठी ‘सहनशीलता’ हा शब्द पटकन सुचतो, पण औषधाची सवय होऊन मात्रा वाढवावी लागते त्यालाही आपण तोच शब्द वापरतो. शिवाय सहन करण्यात त्रास गृहीत आहे, आणि इथे तर त्रास होईनासाच होतो. ‘सहिष्णुता’ घ्या. पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या वाक्यात उलगडा करा: ‘सहिष्णुता, म्हणजे परागकण ओळखूनही त्यावर न उठणं’.

आणि एक राहिलं. लेखात ‘चांगल्या पेशी, वाईट पेशी’ अशी वाटणी केली असेल तर काढा. कर्करोगाच्या गाठीत याच नियामक पेशी गाठीवर होणारा हल्ला रोखून धरतात. टीएच२ पेशींचंही तसंच, जंतांविरुद्ध त्या आपल्या बाजूनं लढतात.