'बुरशी', 'कवक' आणि दोन्हीत न बसणारं पिथियम

पन्हाळ्याचा_वारा : आमच्या शेतकरी गटासाठी आल्याच्या कंदकुजीवर एक पानी पत्रक मराठीत करतोय. ही कूज करणाऱ्या पिथियमबद्दल 'बुरशीसारखा दिसणारा, पण बुरशी नसलेला जीव' अशा अर्थाचं एक वाक्य आहे. आधी मी सरळ 'बुरशी' लिहून मोकळा झालो होतो. ओळखीच्या एका मास्तरांनी ते खोडून 'कवक' केलं. औषधाच्या दुकानात वाचून दाखवलं तर काउंटरवरचा म्हणतो, "कवक म्हंजे नवीन औषध आलंय काय?" काय लिहू?

कोरा_कागद : मास्तर बरोबर आहेत. आठवीच्या विज्ञानात व्हिटाकरची 1969 ची, सजीवांच्या पाच 'सृष्टीं'ची (किंगडम) मांडणी आहे: मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती, प्राणी. बुरशी हा कवकांतला एक प्रकार. किण्व (यीस्ट), अळिंबी हीसुद्धा कवकंच. सगळ्यांना बुरशी म्हणणं म्हणजे मंडईतल्या सगळ्या भाज्यांना वांगी म्हणणं.

काणी_तांबेरा : कवकनाशक मागून बघा की दुकानात, काय देतोय ते. डब्यावर 'बुरशीनाशक' छापलंय. उसाला काणी लागली की शेंड्यातनं काळा चाबूक निघतो, बोट लावलं की काजळी हाताला येते. ती बुरशी. पानावरचा तांबेरा, तीपण बुरशी. बांधावर ह्यात कुणाचं काय अडत न्हाई. अडतं ते उसाच्या गवताळ वाढीच्या रोगाला. त्याला निम्मं गाव व्हायरस म्हणतंय. तो निघाला फायटोप्लाझ्मा, म्हंजे पेशीला भित्तिकाच नसलेला जीवाणू.

अक्षरवेल्हाळ : 'बुरशी' हा शब्द 'भुरा'वरून आला असावा. द्राक्षावरच्या 'भुरी' रोगाचा रंग पाहा.

मिसळ_जादा_कट : आमचे आजोबा सांगायचे, बुरशी 'ब्रश'वरनं आली. केस उभे असतात म्हणून.

अक्षरवेल्हाळ : 'बुरसलेले विचार' काय दात घासून आले?

कोरा_कागद : 'कवक' हा कुणी समितीत बसून पाडलेला शब्द नाही, हेही लक्षात घ्या. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आहे: 'लशुनं गृञ्जनं चैव पलाण्डुं कवकानि च'. अभक्ष्य पदार्थांची यादी.

गगनबावडा_घाट : म्हणजे तिथं कवक म्हणजे खायची (किंवा न खायची) अळिंबी. मग 'बुरशी हा कवकाचा प्रकार' हे पुस्तकानं नंतर ठरवलं. शब्द जुना, अर्थ नवा. आमच्याकडं पावसात वारुळावर उगवते ती अळिंबी आणि उकिरड्यावरची ती कुत्र्याची छत्री. हे वर्गीकरण कुठल्याही मास्तरांपेक्षा उपयोगी आहे, चुकलात तर दवाखाना.

मिसळ_जादा_कट : थांबा थांबा. त्याच ओळीत लसूण आणि कांदा पण बंद? मग तांबड्या रश्श्याचं काय? कांदा-लसूण चटणीचं काय? कोल्हापुरात हा ग्रंथ चालायचा न्हाई.

कोरा_कागद : मी फक्त शब्दाचं वय सांगितलं. ग्रंथाची वकिली केली नाही.

काणी_तांबेरा : कवक नको, कांदा नको, आणि वर सगळ्या गावानं 'कवक' म्हणायचं. भारीच की.

सूक्ष्म_दर्शक : मूळ प्रश्नाकडे येते, मी हाच विषय शिकवते. 'बुरशी' आणि 'कवक' दोन्ही इथे चुकतात. खऱ्या कवकांची भित्तिका कायटिनची, किड्यांच्या कवचात असतं तेच. साठा ग्लायकोजेनचा, आपल्या यकृतात असतो तसा. कवकं वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या जवळची आहेत. पिथियमची भित्तिका मात्र सेल्युलोज आणि ग्लुकनची, आणि त्याचं नातं तपकिरी शैवालांशी. द्राक्षावरची भुरी खरी कवक, पण केवडा हा द्राक्षावरचा दुसरा रोग पिथियमच्या गोतातला. हा फरक बिलात दिसतो: कार्बेन्डाझिम भुरीवर चालतं, केवड्यावर किंवा पिथियमवर नाही. तिथे मेटॅलॅक्झिलसारखं वेगळं औषध लागतं.

अक्षरवेल्हाळ : 'शैवाल' की 'शेवाळ'? रंकाळ्याचं पाणी हिरवं होतं तेव्हा आम्ही शेवाळच म्हणतो.

सूक्ष्म_दर्शक : शब्द एकच, शाळेत गेला की 'शैवाल' होतो. आणि 'नीलहरित शैवाल' हे तर जीवाणू आहेत, नावात शैवाल असूनही.

गगनबावडा_घाट : मग पिथियमच्या नावात बुरशी राहिली तर बिघडलं कुठं?

कोरा_कागद : त्यापेक्षा 'किंगडम'ला 'सृष्टी' कुणी केलं ते सांगा. सृष्टी एकच असते. हिंदीवाले 'जगत' म्हणतात. 'राज्य' म्हणायचं होतं.

काणी_तांबेरा : राज्य म्हटलं की निवडणूक आली.

पन्हाळ्याचा_वारा : मंडळी, पत्रक उद्या छापायला द्यायचंय. 'बुरशीसदृश जीव' लिहू?

सूक्ष्म_दर्शक : लिहा. पुढच्याच ओळीत 'साधं बुरशीनाशक चालत नाही' हे हवंच, नाहीतर 'सदृश' कुणी वाचणार नाही.

काणी_तांबेरा : त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात, शेपट्या असतात त्यांना. सरीत पाणी तुंबलं की ह्या झाडावरनं त्या झाडाला. खोड ओढलं की अलगद हातात येतं आणि गड्डा घाण वास मारतो. म्हणून चर काढून पाणी बाहेर घाला, हे मोठ्या टायपात टाका.

कोरा_कागद : 'टायपात' का? 'टंकात' म्हणायला काय हरकत आहे?

मिसळ_जादा_कट : टंक म्हंजे नाणं न्हवं का?