शब्दचर्चा : गावावरचा ‘असॉल्ट’ – हल्ला, चढाई, धावा की सुलतानढवा?

टिळकवाडीकर :
वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी १९६५ च्या युद्धावर लिहायलोय. १६ सप्टेंबरला सियालकोट भागात, चाविंड्याजवळच्या बुट्टर-डोग्रांडी गावावर ८ गढवाल रायफल्सचं पायदळ आणि १७ पूना हॉर्सचे सेंच्युरियन रणगाडे चालून गेले. पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर इथंच पडले. ११ तारखेला फिलोऱ्यात जखमी होऊनही ते मागं गेले नव्हते. नंतर त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. माझी अडचण वेगळीच आहे. इंग्रजी मजकुरात ‘अटॅक’ आणि ‘असॉल्ट’ असे दोन शब्द आहेत. दोन्हींना ‘हल्ला’ लिहिलं की वाक्य होतं, ‘हल्ल्याच्या शेवटी हल्ला झाला.’ कुणी सुचवता का?

निपाणीचा :
चढाई लिहा की. सरळ आहे.

शहापूरची :
चढाई म्हणजे सगळी स्वारीच झाली. कबड्डीत पलीकडच्या अंगणात पाऊल पडलं तरी ती चढाई, मग गडी हाताला लागो वा न लागो. इथं हवा आहे तो शेवटचा क्षण.

निपाणीचा :
मग ‘धावा’?

शहापूरची :
‘जवानांनी धावा केला’ असं भित्तिपत्रकावर आलं तर माझी आजी म्हणेल, कुठल्या देवाचा? ‘धावा बोलला’ हे हिंदीतनं आलेलं. मराठीत धावा केला की पांडुरंग येतो, रणगाडे नाहीत.

पलटणकर, खानापूर :
मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी झाली, म्हणून सांगतो. अटॅक म्हणजे सगळं काम. आधी टेहळणी, मग हुकूम, अंधारात ठरल्या जागी गोळा होणं, तोफखान्याचा मारा, गाव घेणं आणि घेतल्या घेतल्या खंदक खणून उलट हल्ल्याची वाट बघणं. असॉल्ट हा त्यातला एक तुकडा. शेवटचा पट्टा. तिथं आपल्या तोफांचा मारा पुढं सरकवावा लागतो, नाहीतर आपलेच गोळे आपल्या डोक्यात. मग संगिनी लावायच्या आणि ‘बोला छत्रपती शिवाजी महाराज की जय’ म्हणत आत.

रणगाड्याबद्दल लोकांचा गैरसमज असतो. गावात तो एकटा गेला तर आंधळा. झडपा लावून आत बसलेल्याला फटीतनं किती दिसणार? बोळात तोफेची नळी फिरत नाही, आणि भिंतीआड रणगाडाविरोधी तोफ घेऊन कोण बसलंय ते पायदळच हुडकून काढतं. उलट मशीनगनच्या माऱ्यात पायदळ उघड्या रानात अडकलं की ती मशीनगन गप्प करायला रणगाडा लागतो. अधनंमधनं उसाचे फड असले तर आणखी पंचाईत. आपल्या चिकोडीकडं सप्टेंबरात उसात शिरलेला माणूस दिसतो का?

बखरवाचक :
एक जुना नेमका शब्द आहे : सुलतानढवा. मोर्चे लावून, मारा करून झाला की सगळी फौज एकदम तटावर घालायची, तो सुलतानढवा. वसईला १७३९ मध्ये सुरुंगांनी बुरूज फोडून चिमाजी अप्पांची माणसं आत घुसली, त्या प्रकारचा. ‘एल्गार’ही चालला असता, पण तो आता भाषणांतच उरलाय.

निपाणीचा :
मोर्चेही आलेच! आपल्या सीमाभागात मोर्चा म्हटलं की घोषणा आणि फलक.

पलटणकर, खानापूर :
फौजेत अजून मोर्चा म्हणजे खंदक. ‘मोर्चा सोडू नको’ म्हणजे जागा सोडू नको.

टिळकवाडीकर :
सुलतानढवा आवडला. पण शाळकरी पोरांना तळटीप द्यावी लागेल, आणि गढवाल रायफल्सनी सुलतानढवा केला हे जरा शिडी-दोरखंडाचं वाटतं.

शहापूरची :
नामच कशाला हवं? इंग्रजी नामांवर चालतं, मराठी क्रियापदांवर. सगळ्या कामाला ‘हल्ला’ ठेवा. शेवटच्या पट्ट्यासाठी ‘तुटून पडणं’ आहेच, पण ते पायदळाला. रणगाड्याला ‘मुसंडी मारणं’ शोभतं. कोण काय करतंय तेही त्यातच कळतं.

टिळकवाडीकर :
म्हणजे असं : ‘हल्ल्यात रणगाड्यांनी गावाच्या बगलेनं मुसंडी मारली, आणि गढवाली पलटण गावावर तुटून पडली.’

बखरवाचक :
वाक्य पेललं. बगल कुठली ते मात्र नकाशावर बघून मगच लिहा.

पलटणकर, खानापूर :
आणि पलटण म्हणजे बटालियन, हे पोरांना कंसात सांगा. हल्ली सगळे तिला प्लाटून समजतात. प्लाटून म्हणजे तीसेक माणसं, पलटण म्हणजे शेकड्यांनी.